चितळाचे नव्हे, सांबराचे

माझ्या थोरल्या बहिणीवर वयाच्या शहात्तराव्या वर्षी हरीण मारल्याचा आरोप आला. ती हदगाव तालुक्यातल्या एका डोंगरकडेच्या गावात मुलाजवळ राहते, मी लातूरला. न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आरोप या शब्दाची मला भीती वाटत नाही. तो ज्या हातांनी लिहिला जातो, त्या हातांची मात्र किळस वाटते, आणि या प्रकरणात ती इतकी वाटली की अजून जेवताना मध्येच आठवण झाली तर घास फिरतो.

घडले ते असे. भाच्याच्या शेताच्या धुऱ्यावर, तारेच्या फासात अडकून मेलेला एक नर चितळ सापडला. अंगावरचे ठिपके स्पष्ट होते. डोके मात्र कोणीतरी शिंगांसकट कापून नेले होते. भाच्याने स्वतः वनरक्षकाला फोन केला. ज्याने खबर दिली त्याच्याच घरापासून झडती सुरू करायची, हा आपल्याकडचा तपासाचा रिवाज. तसे वनखात्याचे लोक आक्काच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथे सहाणेवर सांबरशिंगाचा तुकडा होता.

तो तुकडा मी लहानपणापासून पाहत आलो आहे असे म्हणणार नाही. तो आक्काच्या सासरचा. तिच्या सासूने तिच्या हाती दिलेला. वीतभर लांब, तपकिरी, आणि एका बाजूने उगाळून उगाळून साबणाच्या वडीसारखा सपाट झालेला. लेकराची छाती भरली की आई त्याला घेऊन आक्काकडे येई. आक्का चार थेंब पाण्यात शिंग उगाळी, लेप कोमट करी आणि बरगड्यांवर लावी. गावातल्या बाया येत, तांड्यावरच्या येत, मशिदीमागच्या गल्लीतल्या येत. लेकरे शिंगाने बरी होत की लेपाच्या उबेने, ते मला सांगता येणार नाही. पण त्यासाठी आक्काने कधी कोणाकडून सुपारीचे खांडही घेतले नाही. तिच्या चुलीवर आजवर अंडे फुटलेले नाही.

त्या दिवशी सकाळी ती शिंपीकाम करणाऱ्या चाचांच्या नातवासाठी शिंग उगाळत होती. वनरक्षक आत आला तेव्हा ते ओले होते आणि त्याच्यावर लेप होता. पंचनाम्यात हे पुढीलप्रमाणे उतरले: ‘शिंग ओलसर असून त्यावर पांढरट स्राव दिसून येतो. सदर शिंग ताजे तोडलेले असावे.’

भाच्याने फोनवर पाठवलेल्या प्रतीतले हे वाक्य मी तीन वेळा वाचले. चाळीस वर्षे मी पंचनामे हाताळले आहेत; खोटे पाहिले, अर्धवट पाहिले, एकाच पेनाने दोन पंचांच्या सह्या झालेले पाहिले. पण लेकराच्या औषधाला स्राव म्हणणारा पंचनामा पहिलाच. पंच दोघे. एकाची बसथांब्यावर चहाची टपरी, दुसरा त्याचाच मेहुणा. दोघांनीही सहाण पाहिली होती. दोघांच्याही घरची लेकरे आक्काच्या हाताखालून गेली होती.

याहून वाईट गोष्ट पुढच्या ओळीत होती. वनरक्षकाने तिला विचारले, “हे कशाचं शिंग हाय, मावशी?”

आक्का म्हणाली, “सांबराचं. सांबरशिंग म्हणत्यात न्हाई का? तुझ्या मायनं कधी लावलं न्हाई व्हय तुला?”

हे तिने मला फोनवर सांगितले आणि भाच्याने त्याला दुजोरा दिला. पंचनाम्यात मात्र असे: ‘सदर महिलेने समाधानकारक उत्तर दिले नाही.’

दुसऱ्या दिवशी लातूरहून नांदेडची एसटी धरली, तिथून हदगावची, आणि दुपारी वनपरिक्षेत्र कार्यालयात पोचलो. वनपाल तिथे होते. अंगाने सुटलेले, बोलायला गोड, पायांत चपला न घालता खुर्चीवर मांडी घालून बसलेले.

“काका, एवढ्या उन्हाचं आलात. चहा सांगतो.”

“चहा नको. मुद्देमाल दाखवा.”

“तसा दाखवता येत न्हाई.”

“मग तसे लेखी द्या.”

लेखी हा शब्द ऐकला की असे लोक उठून उभे राहतात. ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक जुना फ्रीज होता. दार उघडताच जो वास आला, त्याचे वर्णन मी करणार नाही. वरच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या, एका डब्यात कोणाची तरी उरलेली उसळ, आणि त्याला टेकून लोणच्याच्या बरणीत, गढूळ पाण्यात, चितळाच्या मांसाचा तुकडा. भाजीच्या ट्रेमध्ये, कोथिंबिरीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले आक्काचे शिंग. लाखेचे सील होते, पण अर्धे.

“सील तुटले आहे.”

“ट्रे बसत न्हवता, काका. जरासं दाबावं लागलं.”

“आणि हे मांस कशात ठेवले आहे?”

“फॉर्मलीनमंदी. जनावराच्या दवाखान्यातून आणलंय. फुकट देत्यात.”

त्यांनी त्यातली एक दुधाची पिशवी काढली आणि आतल्या शिपायाला चहा टाकायला सांगितले. मी चहा घेतला नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पाहिले ते सगळे वहीत लिहून काढले: वेळ, कप्पा, कोथिंबीर, सील. त्याच संध्याकाळी भाच्याच्या ओट्यावर बसून तक्रारीचा मसुदाही तयार केला. पाठवला नाही. तक्रार कधी करायची याला वेळ असते, एवढे मी नोकरीत शिकलो होतो.

आधी शिकारीचे कलम काढणे आवश्यक होते. युक्तिवाद सरळ होता. मेलेला प्राणी चितळ, यावर वाद नाही. ठिपके सगळ्या गावाने पाहिले. आक्काकडचे शिंग जर चितळाचे नसेल तर ते त्या प्राण्याचे असूच शकत नाही, आणि तिचा त्या हत्येशी संबंध संपतो. अडचण एकच. अखंड शिंग पाहून जाणकार सांगू शकतो, पण पिढ्यानपिढ्या उगाळून गुळगुळीत झालेल्या तुकड्याला ना फाटा उरला होता ना खडबडीतपणा. डोळ्यांनी ते ठरणार नव्हते. ते जनुकीय चाचणीनेच ठरणार होते.

मी पत्रे लिहू लागलो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, त्यांच्या वरच्यांना, त्यांच्याही वरच्यांना. सगळी रजिस्टर्ड, पोचपावतीसह. प्रत्येक पत्रात मी एक परिच्छेद न चुकता घातला, कारण पंचनाम्यातल्या त्या ओळीचा मला संताप होता. आक्काचे जे उत्तर त्यांनी लिहिले नव्हते, ते मी त्यांच्या फायलीत घुसवणारच होतो. तो परिच्छेद असा: ‘सदर शिंग हे सांबराचे असून ते माझ्या भगिनीच्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या औषधी उपयोगासाठी ठेवलेले आहे, व तसे तिने झडतीच्या वेळीच स्पष्टपणे सांगितले होते.’

खाली माझी पूर्ण सही. निवृत्त अधीक्षक.

शिंग बाळगणे हाही गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तसे जाहीर करून दाखला घ्यायची मुदत सरकारने एकदा दिली होती. ती राजपत्रात छापली असेल. आक्काच्या सासूपर्यंत राजपत्र पोचले नव्हते. पण माझ्या कपाटात वन्यजीव कायद्याची कापडी बांधणीची प्रत होती. ती मी काढून पाहिली. चितळ आणि सांबर दोन्ही एकाच अनुसूचीत, अगदी एकाच पानावर. त्या अनुसूचीतला बाळगण्याचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. म्हणजे शिकारीचे कलम जाईल, उरलेले तडजोडीत मिटेल. मी चष्मा पुसला आणि पुस्तक बंद केले.

उत्तरे येत राहिली. ‘आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात येत आहे.’ चार महिन्यांत माझा अर्ज इतक्या टेबलांवर वर्ग झाला की त्याला कुठेतरी पदवीच मिळायला हवी होती. शेवटी नमुने परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत गेले आणि सोबतच्या पत्राची प्रत मला आली. त्यावरच्या क्रमांकावर मी फोन लावला. फोन घेतला तो तिथे संशोधन करणाऱ्या एका मुलीने. माझी भाषा ऐकून म्हणाली, “काका, तुम्ही आमच्याकडचे का? मी देगलूरची.”

या साऱ्या प्रकरणात माझ्याशी सरळ बोललेला हा पहिला माणूस. ती म्हणाली, “मांसाचा उपयोग नाही. फॉर्मलीनमध्ये डीएनएचे तुकडे होतात, एकमेकांना चिकटतात, वाचता येत नाहीत. स्पिरिटमध्ये ठेवायला हवं होतं.”

नंतर मी वनपालांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “स्पिरिटला एक्साइजचा परवाना लागतोय, काका. कोन मागावा? उद्या लोक म्हनतील, फॉरेस्टवाल्यांनी हरनाच्या नावावर पिलं.”

मुलीला मी म्हणालो, “मांसाचे सोडा. शिंगाचे करा.”

“करता येतं. गाईम्हशीचं शिंग वरून नखासारखं असतं. हरणाचं शिंग म्हणजे हाड. बारीक भोक पाडून भुकटी काढायची. आईकडून येणारा डीएनए हाडात बराच टिकतो. पण तुमच्या ऑफिसनं लिहिलंय, दोन्ही नमुन्यांचा एकत्रित अहवाल द्यावा. एकाचा नको.”

“दुसरा नमुना त्यांनीच नासवला आहे.”

“हो, पण पत्रात दोन आहेत ना.” ती हसली. माझ्याने हसवेना.

त्या एका शब्दासाठी आणखी दोन महिने आणि माझी तीन पत्रे गेली. ‘एकत्रित’ हा शब्द वगळण्यात यावा, अशी विनंती. शेवटी वगळण्यात आला. मधल्या काळात मी त्या मुलीला पुन्हा फोन केला आणि विचारले, की चितळ आणि सांबर ओळखायला एवढी यंत्रे लागतात कशाला?

“उभे असले तर काहीच लागत नाही, काका. एकाला ठिपके, एकाला नाहीत. पण भुकटीला ठिपके नसतात. दोघं एकाच कुळातले, चुलतभावांसारखे. एक लांबलचक ओळ वाचायची. बरीचशी अक्षरं दोघांत सारखी, काही ठरावीक जागी वेगळी. त्या जागा बघायच्या. तेवढंच.” मग तिने विचारले, “सांबर निघालं तर चालणार आहे ना तुम्हाला?”

“कायदा मी वाचला आहे,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. तो मला सभ्यपणा वाटला.

अहवाल आला तेव्हा आक्काला घेऊन मी कार्यालयात गेलो. तिला यायचे नव्हते. गावातल्या बायांनी तिच्याकडे लेकरे आणणे बंद केले होते. शिंग नव्हते म्हणून नव्हे. एकीने पाणवठ्यावर म्हटले होते, “हरनं मारून औषद देती म्हनं म्हातारी.” त्या दिवसापासून आक्का कोणाच्या दारी हळदीकुंकवालाही गेली नव्हती. तिला तुरुंगाची भीती नव्हती. तिच्या मागे लागलेला ‘मारणारी’ हा शब्द पुसायचा होता, आणि तो पुसण्याचा कागद माझ्या हातात होता.

वनपरिक्षेत्र अधिकारी तरुण होते, विदर्भाकडचे. त्यांनी अहवाल शांतपणे वाचला. “हाव. चितळ नाही. सांबर आहे. शिकारीचं कलम काढावं लागेल.”

मी आक्काकडे पाहिले. तिने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, “चितळ न्हाई म्हनं.”

“पण सांबर आहे,” अधिकारी म्हणाले. “सांबर बाळगणं म्हणजे वरची अनुसूची.”

“एकच अनुसूची आहे दोघांची,” मी म्हणालो आणि पिशवीतून पुस्तक काढून पान उघडले.

वनपाल पुढे झुकले, पान पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरू शकत नाही. ती दया होती. “काका, पुस्तक लई जुनं हाय तुमचं. कायदा बदललाय मागं. अनुसूच्या सगळ्या नव्यानं झाल्या. चितळ खाली ऱ्हायला, सांबर वर गेला. ह्याला आता तडजोड न्हाई.”

अधिकाऱ्यांनी टेबलावरची नवी प्रत माझ्यापुढे सरकवली. मी वाचले. चाळीस वर्षे न्यायालयात काढलेला, दुसऱ्यांच्या पंचनाम्यांतल्या चुकांना लाल शाईने रेघ मारणारा मनुष्य कायद्याच्या शिळ्या प्रतीवर विसंबून बहिणीचा बचाव करत होता. फ्रीजमधले शिळे त्यांचे होते, कपाटातले माझे.

“आणि मालकी कशावरून?” मी विचारले. “पंचनाम्यात तिचे उत्तर नाही. आमचेच शिंग आहे असे तिने म्हटल्याची नोंद कुठे आहे?”

अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. माझी नऊ पत्रे ओळीने लावलेली होती. प्रत्येकातला तो परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित केलेला. ‘सदर शिंग हे सांबराचे असून... पिढ्यानपिढ्या...’

“तुम्हीच नऊ वेळा दिलीय नोंद,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसली. मग म्हणाली, “मी पैल्याच दिशी सांगितलं होतं, सांबराचं हाय म्हनून. माझं त्येंनी लिवलं न्हाई. तुझं लिवल्यालं बरं कामाला आलं.” ती रागावली असती तर सोसले असते.

आरोपपत्रात शिकार नव्हती. फक्त शिंग बाळगणे. पण शिक्षा त्यातच मोठी. आक्कासाठी हदगावची एक वकीलबाई केली, हुशार आणि तापट. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझी वही वाचली, आणि म्हणाल्या, “काका, हे कोथिंबिरीचं पान सोनं आहे. सील तुटलेलं, शिंग भाजीच्या ट्रेमध्ये. तुम्ही शपथेवर हे सांगितलंत की प्रयोगशाळेत गेलेलं शिंग हेच होतं, याची खात्रीच संपते. अहवाल पडला. सांबर पडलं.”

“आणि अहवाल पडल्यावर?”

त्यांनी वही मिटली. “मग चितळ नव्हतं, हेही सिद्ध राहत नाही. सरकारी वकील शिकारीचं कलम परत मागू शकतात.”

म्हणजे एकच कागद. तो राहिला तर आक्का गुन्हेगार, पण मारणारी नव्हे. तो फाडला तर कदाचित सुटेल, पण चितळाचे रक्त पुन्हा तिच्या दारात. असला पेच कायद्यात बसतो, हे मला चाळीस वर्षांत कोणी शिकवले नव्हते.

मी आक्काला समजावले. असल्या पंचांवर न्यायालय विश्वास ठेवणार नाही, शिकारीचे कलम टिकणार नाही, सुटशील. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “सुटंन. पन लोक म्हनतील, सुटली. मारलं न्हाई आसं कोन म्हनंल?”

“शिक्षा झाली तर?”

“शिंग ठेवलं होतं की घरात. ठेवलं ते ठेवलं. मारलं न्हाई तेवढं त्या कागदावर ऱ्हाऊ दे. तू त्याला हात लावू नको.”

“आक्का, मी सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. गप्प बसणे मला...”

“तू लई लिवलंस, भाऊ,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “आता बस.”

समन्स आले ते मला. सरकारी पक्षाचा साक्षीदार म्हणून. माझी सही मीच शाबीत करायची.

कठड्यात मी शपथ घेतली. ज्या शब्दांत मी हजारो लोकांना ती घेताना ऐकले, त्याच शब्दांत. सरकारी वकिलांनी एकेक पत्र पुढे केले. सही तुमची? माझी. मजकूर तुमचा? माझा. शिंग सांबराचे हे तुम्हाला कशावरून ठाऊक? मी खरे तेच सांगितले: मला प्राणी ओळखता येत नाही, घरात तसे म्हणत म्हणून लिहिले. तेवढ्याने काही बिघडले नाही, कारण अहवाल सांगतच होता.

मग वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. त्यांच्या हातात माझ्या वहीची झेरॉक्स होती. त्यांनी आक्काकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि झेरॉक्स उलटी करून टेबलावर ठेवली. चार साधे प्रश्न विचारून त्या बसल्या.

मागच्या बाकावर वनपाल होते. आज त्यांच्या पायांत चपला होत्या.

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. “साक्षीदारास आणखी काही सांगायचे आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

जबाबावर सही केली. बाहेर व्हरांड्यात आक्का माझ्या आधीच येऊन उभी होती. मशिदीमागच्या गल्लीतले शिंपी चाचा पुढची तारीख विचारायला आले होते, बरोबर सून आणि तो नातू. सून आक्काजवळ गेली आणि पोराला तिच्या कडेवर दिले. आक्काने त्याच्या छातीला कान लावला, ऐकले, आणि म्हणाली, “मोकळी हाय.”

निकाल अजून लागायचा आहे.